आपल्या पोरांच्या हातात बंदूक कोण देतंय?



उरूस असो, जत्रा असो, दिवाळीचा बाजार असो, कबनूर-इचलकरंजीच्या रस्त्यावर खेळण्यांचे गाडे लागले की त्यावर सगळ्यात पुढे काय मांडलेलं असतं ते एकदा नीट बघा. टिकल्यांचं पिस्तूल. पिवळे छर्रे उडवणारी स्प्रिंगची बंदूक. लाल-निळे दिवे लावत, सेलवर खडखडणारी मशीनगन. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून आलेला बाप पोराचा हट्ट बघतो, खिशातली नोट काढतो आणि मोकळा होतो. कुणी टोकलं तर उत्तर ठरलेलं आहे, "असू दे की ओ, एवढंसं पोरगं हाय, खेळू दे की."

आम्ही टोकणारे आहोत. आमचं म्हणणं सरळ आहे. आंबेडकरी घरात ही बंदूक विकत येऊ नये. भाऊबीजेला मामाने आणली तर मामाला समजावून परत द्यावी. आणि याची सुरुवात लहान पोरांपासून करायची नाही, मोठ्यांपासून करायची. त्यावर पुढे येतोच.

आधी एक टोमणा बाजूला करू. "अॅट्रॉसिटीच्या केसेस कोर्टात कुजतायत, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, आणि तुम्हाला खेळण्यांचं पडलंय?" हो, पडलंय. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेब आयाबायांसमोर बोलले तेव्हा लुगडं कसं नेसायचं, अंगावर कसले दागिने घालायचे नाहीत, हेही बोलले. ज्या माणसाच्या डोक्यात चवदार तळ्याची केस आणि मनुस्मृतीचं दहन होतं, त्याला कथलाच्या दागिन्यावर बोलायला सवड होती. कारण गुलामीच्या खुणा घरातल्या वस्तूंवर असतात हे त्यांना माहीत होतं. मग घरात येणाऱ्या वस्तूंवर आम्ही का बोलू नये?

आता मुख्य वाद. खेळण्यातल्या बंदुकीने पोरगं खुनी होतं, असं आम्ही म्हणत नाही. आमच्यातल्या निम्म्या कार्यकर्त्यांनी लहानपणी दगडावर टिकल्या फोडल्या आहेत आणि ते आज शिक्षक, वकील, जॉबर, रिक्षावाले आहेत. "आम्ही पण खेळलो, आमचं काय बिघडलं" हे म्हणणं त्यापुरतं खरं आहे. पण मोठेपणी काय बिघडतं एवढाच प्रश्न नाही. खेळताना मूल काय करत असतं, हाही प्रश्न आहे. चेंडू टाकताना ते चेंडू टाकतं. लगोरी रचताना ते लगोरी रचतं. बंदूक हातात घेतली की त्याला समोर कुणीतरी लागतो. भाऊ, शेजारीण, कुत्रं, आजी. त्या माणसाचा मेल्याचा अभिनय हेच त्या खेळाचं बक्षीस असतं.

इथे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेबद्दल केलेला फरक लक्षात घ्या. काहींना वाटतं अहिंसा म्हणजे गांधींची अहिंसा, म्हणजे आपली नव्हेच. बाबासाहेब तसं म्हणत नाहीत. ते म्हणतात, बुद्धाने अहिंसा हा तत्त्व म्हणून सांगितली, आंधळा नियम म्हणून नाही. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरज कधी येऊ शकते. बाप लेकरावर आलेला हल्ला परतवतो, सैनिक सीमेवर लढतो, तिथे गरज आहे. पण इच्छेला बुद्धाच्या धम्मात जागा नाही. आता सांगा, सहा वर्षांच्या पोराच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिस्तुलात कोणती गरज आहे? गरज शून्य. उरते ती निव्वळ इच्छा, आणि तिचा रोजचा सराव. विहारात रविवारी आपण त्याच पोराकडून पंचशीलातलं पहिलं शील वदवून घेतो. घरी आल्यावर त्याच्या हातात काय देतो?

बुद्धाने उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यात पहिला शस्त्रांचा आहे. गाडा लावणाऱ्या गरीब माणसावर आम्ही हे शस्त्र उगारत नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण विकायला जे नको, ते विकत घ्यायला कसं चालतं, हे आपल्याला विचारावंच लागेल.

यावर आपल्याच माणसांकडून जो आक्षेप येतो तो सगळ्यात वजनदार आहे आणि त्याला टाळून पुढे जाणं बेइमानी होईल. ते म्हणतात, "हजारो वर्षं आपल्याला शस्त्र धरू दिलं नाही. म्हणून तर आपण गुलाम राहिलो. भीमा कोरेगावचा स्तंभ कशाचा आहे? महार रेजिमेंटच्या टोपीवर काय आहे? आणि तुम्ही आमच्या पोराच्या हातातली खेळण्यातली बंदूकसुद्धा काढून घ्यायला निघालात. मग मनूत आणि तुमच्यात फरक काय?"

आक्षेपाची पहिली अर्धी बाजू पूर्ण खरी आहे. 1936 च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेब हेच मांडतात. चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गाला शस्त्र नाकारलं, म्हणून ते बंड करू शकले नाहीत. पण तिथे ते थांबत नाहीत. त्याच ओघात ते विद्येची बंदी मोजतात, कारण ज्याला शिकू दिलं नाही त्याला आपल्या सुटकेची वाटच दिसली नाही. शस्त्राचं वाक्य लक्षात ठेवायचं आणि विद्येचं विसरायचं, हा सोयीचा आंबेडकरवाद झाला.

आणि पलटणीचा इतिहास नीट वाचा. 1 जानेवारी 1818 ला कोरेगावला लढलेल्या महार शिपायांच्या वारसांचं पुढे काय झालं? 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चं खूळ डोक्यात घेतलं आणि महारांची भरतीच बंद करून टाकली. एका हुकमाने. ज्या बंदुकीचा अभिमान होता ती दुसऱ्याने दिलेली होती, त्याने ती काढून घेतली. मग आपल्या लोकांनी काय केलं? निवृत्त लष्करी माणूस असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये अर्ज लिहिला. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी परिषदेतर्फे पुन्हा अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 ला 111 महार ही पलटण उभी केली, गरज संपताच 1921 ला मोडली. शेवटी 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्या वेळी बाबासाहेब सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि आपला मुद्दा त्यांनी तिथे रेटून धरला. बंदूक गेली ती हुकमाने गेली. परत आली ती लेखणीने, परिषदेने आणि समितीतल्या खुर्चीने आणली.

सुभेदार रामजींनी पलटणीतून घरी काय आणलं हेही बघा. ते लष्करी शाळेत शिकवत होते, मुख्याध्यापक होते. लष्करात त्या काळी शिपायांच्या मुला-मुलींना शिकवलं जात होतं, म्हणून आपल्यात वाचणारी एक पिढी आधीच तयार झाली. बाबासाहेबांच्या घरात पलटणीतून आलेली सगळ्यात मोठी चीज शाळा होती. रामजींनी भीमाला बंदुकीचं खेळणं घेऊन दिल्याचं कुठे वाचलं आहे का? पुस्तकं घ्यायला दागिने गहाण टाकल्याचं मात्र घराघरात सांगितलं जातं.

महार रेजिमेंटच्या जवानाला आमचा कडक सलाम आहे. त्याच्या हातातलं शस्त्र शिस्तीखाली आहे, हिशेबात आहे, कायद्याला बांधलेलं आहे. प्रत्येक काडतुसाचा जाब त्याला द्यावा लागतो. खेळण्यातल्या बंदुकीला जाब नाही आणि हिशेब नाही. त्यामुळे सैनिकाचं नाव सांगून खेळणं विकत घेऊ नका. सैनिकाचा तो अपमान आहे.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कबनूरपासून माणगाव फार लांब नाही. 1920 च्या मार्चमध्ये तिथे परिषद झाली आणि शाहू महाराजांनी जमलेल्या अस्पृश्यांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे. महाराज स्वतः पट्टीचे शिकारी. शस्त्रं, घोडे, चित्ते, सगळं त्यांच्या पदरी. पण ज्या तरुणाला त्यांनी पुढे केलं त्याच्याजवळ एक पाक्षिक होतं. 'मूकनायक' 31 जानेवारी 1920 ला निघालं होतं आणि त्याला महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. राजाने तलवार भेट दिली नाही, छापखान्याचा खर्च दिला. याच मातीत हे घडलं आणि आपण त्याची जयंती-पुण्यतिथी डीजेवर करतो.

आता महाड. 20 मार्च 1927 ला परिषद आटोपून परतणाऱ्या आपल्या माणसांवर सवर्णांच्या टोळक्यांनी लाठ्या चालवल्या. वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठवून. आपल्या बाजूला त्या दिवशी लष्करातून निवृत्त झालेले कितीतरी गडी होते, ज्यांनी खरी युद्धं पाहिली होती. ते फक्त शब्दाची वाट बघत होते. बाबासाहेबांनी शब्द दिला नाही. त्यांनी माणसं आवरली आणि लढा कोर्टात नेला. दहा वर्षं लागली. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याचा निकाल आपल्या बाजूने दिला. त्या दिवशी महाडात रक्त सांडलं असतं तर सरकारने कुणाला दंगलखोर ठरवलं असतं, हे सांगायला नको.

हाच 'कुणाला' आम्हाला सगळ्यात जास्त छळतो. एक परकी गोष्ट सांगतो, पण ती परकी नाही. 22 नोव्हेंबर 2014. अमेरिकेतलं क्लीव्हलँड शहर. तामिर राइस नावाचा बारा वर्षांचा काळा मुलगा बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन खेळत होता. खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीला तिकडे नारिंगी टोक असतं, त्याच्या पिस्तुलाचं ते निघालेलं होतं. कुणीतरी पोलिसांना फोन केला. फोन करणारा स्वतःच म्हणाला, बहुतेक खोटं असेल, बहुतेक लहान मुलगा असेल. हे 'बहुतेक' गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचलंच नाही. गाडी बागेत शिरली आणि दोन सेकंदांच्या आत मुलाला गोळी घातली. दुसऱ्या दिवशी तो गेला. गोळी घालणाऱ्या पोलिसावर खटला चालवायचा नाही असं 2015 च्या डिसेंबरात ठरलं. पुढे शहराने कुटुंबाला 60 लाख डॉलर दिले आणि गुन्हा मात्र कबूल केला नाही.

त्याच देशात लाखो गोरी मुलं अंगणात तशाच बंदुका घेऊन पळतात. त्यांच्याकडे बघून शेजारी हसतात. खेळणं तेच असतं, बघणाऱ्याचा डोळा मुलाच्या कातडीवरून ठरतो. आपण 1972 ला पँथर हे नाव तिकडूनच घेतलं. 1946 ला बाबासाहेबांनी ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं ते याच नात्याने. मग तामिर राइसच्या आईचं दुःख आपल्याला कळायला हवं.

आपल्याकडे पोलीस खेळण्यातली बंदूक बघून गोळी घालत नाहीत, हे खरं. पण डोळ्याचं काय? 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाने गोळीबार केला. दहा माणसं गेली. डिसेंबर 2024 ला परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, निषेध झाला, आणि पोलीस कुठे घुसले? आपल्याच वस्तीत. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मेला. ही माणसं निःशस्त्र होती. तरी ती धोकादायक दिसली. पारधी-कैकाडी भावांना तर इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी त्यांची हजेरी बंद केली, त्यांना कामाला लावलं. बाकी देशात तो कायदा 1952 पर्यंत टिकला आणि त्याची नजर अजून टिकून आहे. ज्यांच्याकडे व्यवस्था आधीच संशयाने बघते त्यांनी आपल्या लेकरांना संशयिताचा वेष स्वतःच्या पैशाने का चढवायचा?

आणि आता मोठ्यांकडे येतो. हे वाचून राग येणार असेल तर येऊ द्या.

पोराने बंदूक कुठे पाहिली? मोबाईलच्या गेममध्ये पाहिली, सिनेमात पाहिली, मान्य. पबजी 2020 ला आणि फ्री फायर 2022 ला बंद केले तरी दुसऱ्या नावाने तेच चालू आहे. पण गल्लीतही पाहिली. वाढदिवसाला रस्त्यावर चार केक मांडून तलवारीने कापणारा 'भाई' त्याने पाहिला. त्याच्या स्टेटसला कमरेला पिस्तूल खोचलेला फोटो पाहिला, खालचं गाणं वाघाचं. जयंतीच्या मिरवणुकीत खेळण्यातली मशीनगन उंचावून नाचणारा दादा पाहिला, आणि बॅनरवर त्याच दादाचा फोटो बाबासाहेबांच्या शेजारी पाहिला. सहा वर्षांचं पोरगं वाचायला शिकायच्या आधी एवढं शिकलेलं असतं.

तलवारीने केक कापल्यावर आर्म्स अॅक्टखाली गुन्हा दाखल होतो, हे आता महाराष्ट्रात दर आठवड्याच्या पेपरात असतं. खेळण्यातल्या पिस्तुलाची रील टाकून दहशत माजवली म्हणूनही पोरं उचलली जातात. त्या यादीतली नावं वाचा. आमदाराचा पोरगा त्यात कितीदा दिसतो? दिसतात ती सायझिंगला, मागावर, हमालीला जाणाऱ्या घरांतली पोरं. मग पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारा तोच पोरगा लेखी पास होतो, ग्राउंड पास होतो आणि चारित्र्य पडताळणीत अडकतो. एका केकसाठी. आईने दोन वर्षं दुसऱ्याच्या घरची धुणी-भांडी करून अकादमीची फी भरलेली असते. खरी वर्दी आणि खरी, जबाबदारीची बंदूक त्याला मिळाली असती. खोट्या बंदुकीने ती घालवली. प्रस्थापितांना याहून स्वस्त सौदा कुठे मिळेल? त्यांची मुलं परदेशात शिकायला आणि आपली पोरं जामिनाला.

दसऱ्याच्या आसपास हा विरोधाभास अजून उघडा पडतो. एकीकडे शस्त्रपूजनाचे कार्यक्रम, त्रिशूळ वाटप, मुला-मुलींना एअरगन चालवायला शिकवणारी शिबिरं. ती कुणाची आणि कशासाठी, हे वेगळं सांगायला नको. त्याच दिवशी आपण अशोक विजयादशमी म्हणतो, कलिंगानंतर युद्ध थांबवणाऱ्या सम्राटाचं नाव घेतो, 14 ऑक्टोबर 1956 ची दीक्षाभूमी आठवतो, बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करीन म्हणतो. आणि संध्याकाळी 'त्यांच्या पोरांकडे आहे तर आपल्याही पोरांकडे पाहिजे' म्हणून गाड्यावर उभे राहतो. त्यांच्याशी स्पर्धाच करायची तर त्यांच्या मैदानात का करायची?

गाड्यावरची आणखी एक गोष्ट लगे हाथ. मुलाला बंदूक आणि मुलीला भातुकली, ही वाटणी कुणी केली? मुलगा मारणार, मुलगी रांधणार. 25 डिसेंबर 1927 ला जे पुस्तक जाळलं ते खेळण्यांच्या गाड्यावर प्लास्टिकमध्ये पुन्हा छापून आलं आहे. आपल्या मुलीला बंदूक घेऊन देणं हे यावरचं उत्तर नाही, काही ताईंनी तसं सुचवलं म्हणून सांगतो. दोघांना भिंग घेऊन द्या, दोघांना बॅट घेऊन द्या.

शरीराच्या इजेबद्दल फार लिहीत नाही, ते डॉक्टर सांगतील. पण 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पाइप आणि कार्बाइडच्या 'देशी गन'ने शंभराहून जास्त लोकांचे, त्यातही बहुतेक मुलांचे, डोळे जखमी झाले आणि काहींची दृष्टी गेली. रील बघून पोरांनी त्या बंदुका घेतल्या, घरी बनवल्या. स्प्रिंगच्या छर्‍यानेही डोळा जातो. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यावर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. रस्त्यावरच्या किती बंदुकांवर तो दिसतो ते स्वतः उलटून बघा.

"मग दिवाळीतले किल्लेही बंद करायचे का? मावळ्याच्या हातात तलवार असते," असं एका मित्राने विचारलं. दिवाळी करावी की नाही हा आपल्यातला वाद वेगळा, पण प्रश्न चांगला आहे. नाही, किल्ला बंद करायचा नाही. किल्ला करणारं पोरगं माती कालवतं, दगड रचतं, बुरूज कुठे घ्यायचा यावर भांडतं, अळीव पेरून ते उगवायची वाट बघतं. तलवार मातीच्या मावळ्याच्या हातात असते, पोराच्या हातात चिखल असतो, आणि तो कुणावर नेम धरत नाही. शिवरायांचा मावळा अठरापगड जातींचा होता, जिवा महाला कोण होता, हे सांगायला किल्ल्यासारखी दुसरी जागा नाही. सांगतो का आपण?

आता करायचं काय. पोराच्या हातून हिसकावून मोडू नका. ज्याच्याकडे आधीच आहे त्याला मारून-ओरडून काही होणार नाही, उलट मारणं हीच ताकद असा धडा आपणच देऊ. नवीन घेऊ नका, एवढं पुरे. हट्ट करेल, रडेल, रस्त्यावर लोळेल. तेव्हा त्याला कारण सांगा. तामिरची गोष्ट दहा वर्षांच्या मुलाला समजते. लहानांना एवढंच सांगा की आपल्या घरात कुणावर नेम धरायचा नाही, खेळातसुद्धा.

आणि जयंती मंडळांना आमचं जाहीर म्हणणं आहे. येत्या 14 एप्रिलच्या पहिल्या बैठकीत, वर्गणीच्या विषयाआधी, हे तीन ठराव घ्या. मिरवणुकीत खरी-खोटी कोणतीही बंदूक आणि तलवार दिसणार नाही. मंडळाच्या कोणत्याही कार्यकर्त्याचा वाढदिवस तलवारीने होणार नाही, आणि झाला तर त्याचा फोटो बाबासाहेबांच्या शेजारी लागणार नाही. डीजेच्या रकमेतून दहा टक्के काढून विहारात मुलांसाठी खेळांची पेटी होईल. कॅरम, बुद्धिबळ, लेझीम, भिंग, नकाशे. जे मंडळ ठराव घेईल त्याच्या विहारात पेटी मांडायला आणि रविवारी मुलांसोबत बसायला आम्ही येऊ. जे घेणार नाही त्याने का घेतला नाही ते बैठकीत उभं राहून सांगावं, पोरांच्या समोर.